बटण बोर्डावरूनच बंद करा

मशीन चालूच ठेवायचं की बंद करायचं, हा प्रश्न गिऱ्हाईक नेहमी दुरुस्तीचे पैसे मोजून झाल्यावर विचारतं. अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत भरलेला, एक पाय पायरीवर, आणि मग, "ताई, ही लाल लाइट रात्रभर लागलेली असती, चालतंय न्हवं?" मिरजेत सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान. आधी वडील बसायचे, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. डिप्लोमा झाल्यावर त्यांच्या शेजारच्या स्टुलावर मी बसू लागले, आणि पुढे ते स्टूल सोडून मुख्य टेबलावर आले. या एका प्रश्नाचं उत्तर आमच्या दोघांच्या काळात कितीदा तरी बदललं. लोकांनी मात्र जुनी उत्तरं टाकून दिली नाहीत. व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी दिलेला सल्ला ते आजही ब्लूटूथच्या स्पीकरला लावतात, आणि इंग्लंडमधल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी लिहिलेला सल्ला पलूसच्या विजेला.

मुळापासून सांगते. आबांच्या टेबलावर यायचे ते मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको. लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, आत पाच-सहा व्हॉल्व्ह. एसीवर चालणाऱ्या सेटात ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० ही मंडळी. बटण फिरवलं की टिक् व्हायचं, डायलचा दिवा लागायचा आणि मग अर्धा मिनिट काहीच नाही. कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, म्हणून ही वाट बघणं. पण खरं तापणं त्यापुढे चालू व्हायचं. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावायचं तर आतल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी अगदी जागच्या जागी राहायला हवी. पेटी गरम होईल तसतशी आतली कॉइल आणि कंडेन्सर किंचित बदलतात, आणि लावलेलं स्टेशन हळूहळू सरकतं. १९५२ साली सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' दर बुधवारी रात्री आठला लागायची. जाणती माणसं साडेसातलाच सेट चालू करून ठेवत. आठला काटा एकदा बसवला की शेवटच्या गाण्यापर्यंत हात लावायला नको. 'मशीन तापल्यावर चांगलं वाजतं' या समजुतीचा आमच्याकडचा उगम मला इथे दिसतो. कानांच्या नाजूकपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. निवेदक अमीन सयानींचा आवाज भलत्याच भाषेतल्या बातम्यांखाली जाऊ नये, एवढीच त्यामागची इच्छा.

मग कार्यक्रम संपल्यावर? बंद, आणि तेही भिंतीवरून. याची तीन कारणं आबा सांगायचे, आणि तिन्ही खरी होती. पहिलं, रेडिओचा चालू-बंदचा स्विच आवाजाच्या कंट्रोलच्या पाठीलाच बसवलेला असे. दिवसातून चार-पाच वेळा टिक्-टिक् केलं की दोनतीन वर्षांत त्याची पत्री झिजायची. तो बदलायचा म्हणजे अख्खा कंट्रोल बदलायचा. लोक मग आवाज एका जागी ठेवून बोर्डावरचं बटण वापरायला लागले.

दुसरं कारण जास्त गंभीर. काही शहरांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे सेट निघत. त्यांत ट्रान्सफॉर्मरच नसे. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५ अशा व्हॉल्व्हची फिलामेंटं एकामागे एक सिरीजमध्ये जोडून थेट मेनवर टाकलेली. विजेची एक तार सरळ चासीला. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चासी फेजवर. पुढचा प्लास्टिकचा नॉब निघून आला असेल आणि कुणी उघडा दांडा धरला, तर हात झटकून मागे. असल्या सेटाच्या मागे फडकं मारायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लगही काढा, हे आबा प्रत्येक वहिनींना दोनदा ऐकवायचे.

तिसरं कारण वळवाचा पाऊस. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली एरियलची तार आणि तिची खाली खिडकीतून आलेली शेपटी. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला काळं दिसलं की घरातलं कुणीतरी पळत येऊन एरियलची पिन उपटायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आबांच्या टेबलावर जळक्या एरियल कॉइलची रांग असे. ती रांग मी पाहिलेली आहे.

त्यामुळे आपल्याकडे 'वापर झाला की बटण बोर्डावरूनच बंद' हा घरोघरचा नियम झाला. बोर्डही त्याला साथ देणारा. आपल्या घरांत जवळपास प्रत्येक सॉकेटला शेजारी स्वतःचं बटण असतं. अमेरिकेतल्या घरात सॉकेटला सहसा बटण नसतं, प्लग खोचला की वीज आली. तिथे यंत्र बंद करायचं ते यंत्रावरच. पुढे स्टँडबायची, म्हणजे बंद दिसणाऱ्या यंत्रात आत चालू राहणाऱ्या विजेची, सगळी कहाणी तिथून आली आणि आपल्या भिंतीवरच्या बटणांवर येऊन आदळली, म्हणून हा फरक आधी सांगून ठेवला.

विरुद्ध पक्षही त्याच काळात होता. त्याचं म्हणणं, व्हॉल्व्ह चालताना मरत नाही, चालू करताना मरतो. यातही तथ्य आहे. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या मानाने फारच कमी, त्यामुळे बटण दाबल्याक्षणी फिलामेंटमधून नेहमीच्या कितीतरी पट करंट धावतो. सिरीजच्या सेटात तर जो व्हॉल्व्ह आधी तापेल त्याच्या वाट्याला क्षणभर भलताच व्होल्टेज येतो. तो भप्पकन उजळलेला काचेतून दिसायचा. या पक्षाचा सगळ्यात मोठा माणूस आमच्या धंद्यातला नव्हता. टॉमी फ्लॉवर्स हा ब्रिटिश टपाल खात्याच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रातला इंजिनिअर. जर्मन संदेश फोडण्यासाठी दीड हजारांहून जास्त व्हॉल्व्हचं यंत्र बांधतो असं तो म्हणाला, तेव्हा जाणकारांना ते वेड वाटलं: इतक्या व्हॉल्व्हमधला एखादा सतत जाणारच. टेलिफोनच्या कामातून फ्लॉवर्सला ठाऊक होतं की व्हॉल्व्ह हलवले नाहीत आणि बंद केले नाहीत तर फार टिकतात. १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचली पार्कमध्ये त्याचं हे यंत्र, कोलोसस, चालू झालं, आणि चालूच राहिलं. ही हकिगत कित्येक वर्षं गुपित होती. नंतर एका मासिकात वाचली तेव्हा मी आबांना सांगितली. ते म्हणाले, "त्याचं लाइट बिल सरकार भरत होतं."

त्याच्या पुढचा भाग मला जास्त आवडतो. युद्धानंतर अमेरिकेत एमआयटीत व्हर्लविंड हा कॉम्प्युटर बांधत होते. तिथे दिसलं की फिलामेंट तापवून ठेवलेले पण करंट वाहत नसलेले व्हॉल्व्ह लवकर अशक्त होतात. कॅथोडच्या निकेलमध्ये थोडं सिलिकॉन असे. तापलेल्या अवस्थेत नुसतं बसवून ठेवलं की निकेल आणि त्यावरचा लेप यांच्यात रोध करणारा थर वाढत जायचा. सिलिकॉन काढलेलं निकेल वापरल्यावर व्हॉल्व्हचं आयुष्य वाढलं. म्हणजे चालू ठेवा, हे ठीक; बंद ठेवा, हेही ठीक; पण अर्धवट जागं ठेवून कामाला लावलं नाही तर व्हॉल्व्ह खराब होतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर १९५० च्या दशकात आलेला 'स्टँडबाय'चा स्विच नेमका हाच प्रकार करतो: फिलामेंट चालू, वरचा व्होल्टेज बंद. तासभर मध्यंतराला ठीक. रात्रभर ठेवून झोपणारे वादक माझ्याकडे आलेत.

ट्रान्झिस्टर आला आणि वाद काही वर्षं बंद पडला. तापायचं काही उरलं नाही, आणि वीज सेलातून यायची. सेल पैसे देऊन आणायचे असल्याने बातम्या संपल्या की दुसऱ्या सेकंदाला बंद. संपलेले सेल अंगणात उन्हात मांडून ठेवलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना स्टँडबाय समजावून सांगणं अवघडच.

वाद परत आला तो स्टिरिओबरोबर, आणि आता तो श्रीमंत होऊन आला. एप्रिल १९६९ च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये जॉन लिन्सली हूड यांनी दहा वॅटचा क्लास-ए अ‍ॅम्प्लिफायर छापला. मोजून चार ट्रान्झिस्टर. माझ्या पिढीतल्या हौशी लोकांनी तो बांधला नाही असं गाव नसेल. सर्किटची झेरॉक्स एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जायची, ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे. मीही बांधला, तो अजून माझ्याकडे आहे. क्लास-ए म्हणजे गाणं असो वा नसो, आतला करंट तेवढाच वाहत राहणार. आठ ओहमच्या स्पीकरसाठी सत्तावीस व्होल्टवर १.२ अँपिअर, म्हणजे एका बाजूला ३२ वॅट, दोन्ही बाजू धरून ६५. एवढी उष्णता हीटसिंकमधून बाहेर पडते. रात्रंदिवस चालू ठेवला तर महिन्याला ४७ युनिट नुसते शांत बसण्याचे.

असले अ‍ॅम्प्लिफायर तापून स्थिर व्हायला वेळ घेतात हे मीटरवर दिसतं; बायस करंट, म्हणजे गाणं नसतानाही वाहणारा तो करंट, पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत सरकत राहतो. त्या पायावर इंग्लंड-अमेरिकेत एक पंथ उभा राहिला. सॉल्सबरीची नेम ऑडिओ १९७३ साली ज्युलियन व्हेरेकर यांनी काढली. आपली यंत्रं चालूच ठेवा असं ही कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली. नेमचे अ‍ॅम्प्लिफायर क्लास-ए नाहीत, शांत बसले तर फार वीज खात नाहीत, आणि तिथल्या विजेवर तो सल्ला चुकीचाही नाही. पण तो वाचून मिरजेतले लोक कुठल्याही देशी अ‍ॅम्प्लिफायरला तो लावू लागले. यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा भरणा जास्त, कारण त्यांना ते पटकन पटतं. तंबोरा लावून पाच मिनिटं गेली की जवारी बसते, तारा स्थिरावतात, मग परत थोडं खुंटीला हात. तसंच हे, असं एका शिक्षकांनी मला समजावलं. मी वाद घातला नाही. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुराही दिवसभर चालू असायचा, आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर दर दोनेक वर्षांनी माझ्याकडे काळा पडून यायचा.

गणपतीतल्या मंडपवाल्यांची रीत वेगळीच. दहा दिवस अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचाच नाही, माइकचे आवाज खाली ओढून ठेवायचे. कारण विचारलं तर म्हणतात, "बंद केला की चालू करताना ठोका बसतो, युनिट उडतंय." हॉर्नच्या युनिटचा पडदा त्या एका धप्पाने फाटतो हे अगदी खरं. या सगळ्या इतिहासात चालू ठेवण्याचं इतकं रोखठोक कारण मला दुसरं सापडलं नाही.

मधल्या काळाबद्दल फार सांगत नाही. कोकणातले आणि आमच्याकडचेही लोक आखातातून टू-इन-वन घेऊन येऊ लागले. मागे ११०-२२० चा सरकता खटका. तो ११० वर राहिलेला असताना प्लग खोचला की काम माझ्याकडे. नुसत्या ११० च्या मशीनला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागायचा आणि तो प्लगला कायमचा जोडलेला, गुंगुं करत, हात लावला तर कोमट. मशीन बंद असायचं पण ट्रान्सफॉर्मर चालू असायचा. ही आमच्या गावातली पहिली स्टँडबायची वीज, फक्त तिला तेव्हा कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं.

लाल दिव्याचा खरा जन्म रिमोटपायी झाला. झेनिथ कंपनीने १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा 'स्पेस कमांड' आणला. रिमोटमध्ये सेल नव्हता. बटण दाबलं की आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर हातोडी बसायची आणि कानाला न ऐकू येणारा सूर निघायचा. तो सूर ऐकायला टीव्हीत जादा सहा व्हॉल्व्ह बसवावे लागले. दुरून हुकूम द्यायचा तर तो ऐकायला आत कुणीतरी जागं पाहिजे, एवढं साधं आहे हे. पुढे इन्फ्रारेड आला, ऐकणारा भाग नखाएवढा झाला. पण त्याला वीज पुरवायला बरेच कारखानदार मोठा ट्रान्सफॉर्मरच चोवीस तास मेनवर ठेवत. नव्वदच्या दशकातले मिनी सिस्टिम आठवा: बंद असतानाही पुढे निळ्या-नारंगी पट्ट्या नाचतायत, 'डेमो' चाललाय, घड्याळ चालू. मी वॅटमीटर लावून पाहायचे. बंद अवस्थेत दहा वॅटच्या आसपास खाणारी मशीनं सर्रास मिळायची. दहा वॅट म्हणजे वर्षाला ८७ युनिट. रोज तासभर गाणी ऐकणाऱ्या घरात वाजण्यापेक्षा न वाजण्याची वीज जास्त.

हे गणित कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत अ‍ॅलन मायर यांनी घरोघर मोजून जगापुढे मांडलं. कुठल्याही यंत्राने स्टँडबायला एक वॅटपेक्षा जास्त घेऊ नये, ही सूचना त्यांचीच, १९९८ ची. २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खरेदीसाठी ती हुकूम म्हणून काढली. युरोपने कायदा केला: २०१० पासून एक वॅट, २०१३ पासून अर्धा, समोर घड्याळ-बिड्याळ असेल तर त्याच्या दुप्पट. अर्ध्या वॅटचे वर्षाला साडेचार युनिटही होत नाहीत. नव्या यंत्रांपुरता बिलाचा मुद्दा तिथे संपला.

राहिला आयुष्याचा. इथे मला माझ्या टेबलाचाच पुरावा जास्त भरवशाचा वाटतो. आता 'डेड आहे' म्हणून मशीन येतं तेव्हा मी आधी स्टँडबायचा पाच व्होल्ट बघते. खूपदा तोच गेलेला असतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत, आणि त्याला जागं करणारा छोटा सप्लाय मेलेला. त्यातही एखादा चिमुकला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं: १०५ अंश, आणि कंपनीच्या कागदावर २००० तास. दर दहा अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. कोंदट कपाटात तो ६५ अंशांवर बसला असेल तर ३२ हजार तास, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तर साडेतीन वर्षांच्या थोडं वर. रोज चारच तास वीज दिली तर वीस वर्षांहून जास्त. जो भाग कधी झोपत नाही तो आधी जातो.

पण अगदी उलटं टोकही वाईट. पाच-सात वर्षं माळ्यावर पडलेला सेट कुणी थेट प्लगला लावला तर कंडेन्सर फुटतो, कारण आतला ऑक्साइडचा थर विजेशिवाय विरत गेलेला असतो. असा सेट आला की मी शंभर वॅटचा बल्ब सिरीजला घालते आणि हळूहळू जागा करते. बल्ब लख्ख लागला तर शॉर्ट आहे; मंद होत गेला तर बरं चाललंय. हा सिरीज बोर्ड आबांचाच आहे, होल्डर तेवढा बदललाय.

आणि या साऱ्या शास्त्रावर आमच्या भागात पाणी टाकलं ते लोडशेडिंगने. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ ला बंद पडला, मागणी वाढतच होती, आणि त्या दशकात खेड्यांना दिवसातले कैक तास अंधार. त्या वर्षांत 'मशीन कधीच बंद करू नका' हा सल्ला कुणाला द्यायचा? वीज मंडळच रोज करत होतं. वाईट भाग वीज जाण्याचा नव्हताच, येण्याचा होता. सगळ्या गावाचे पंप, पंखे, फ्रिज एकदम उठायचे, व्होल्टेज खाली-वर हेलकावे खायचा, आणि स्टँडबायला उभं असलेलं प्रत्येक मशीन ते हेलकावे झेलत बसायचं. ज्यांनी बटण बोर्डावरून बंद केलेलं, त्यांचं वाचायचं. पलूस-तासगावकडची मशीनं तेव्हा माझ्याकडे ढिगाने आली; बहुतेकांत इनपुटचा व्हॅरिस्टर काळा आणि फ्यूज उडालेला.

आता वीज बरीच सुधारली आहे आणि प्रश्न पुन्हा फिरलाय. युरोपच्या नियमामुळे नवे अ‍ॅम्प्लिफायर वीसेक मिनिटं सूर आला नाही तर आपोआप झोपतात. मागच्या पावसाळ्यात एक सतारिये आले, जवळजवळ भांडायलाच. जुनी टेप अगदी बारीक आवाजात लावून सुरुवातीचा आलाप ऐकत बसले होते, आणि मशीनने ते गाणंच नाही असं ठरवून स्वतःला बंद केलं. बिघाड काहीच नव्हता. मेनूत जाऊन ती सोय बंद करून दिली. मग त्यांनी विचारलं, आता हे कायम चालूच राहणार काय. मी म्हटलं, ऐकायच्या आधी अर्धा तास लावा, ऐकून झालं की बोर्डावरून बंद करा, आणि ढग आले की नेटची वायरसुद्धा काढा.

"बोर्ड कपाटाच्या मागं गेलाय की हो," ते म्हणाले. आजकालचं फर्निचर असंच. मी वायरमनचा नंबर दिला, आणि बटण कपाटाच्या बाहेर घ्यायला किती केबल लागेल ते कागदावर लिहून दिलं.